व्हायरस आटोक्यात, पण झोपेचं काय?

सबमिशनच्या आदल्या रात्री तुम्ही कधी पूर्ण जागलाय? दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, मान आखडते, आणि बसमध्ये लागलेला एरवीचा साधा धक्काही चांगलाच जाणवतो. 'झोप झाली नाही ना, म्हणून' असं म्हणत आपण घरी येऊन आडवे होतो आणि विषय संपतो. पण असा 'दुसरा दिवस' रोजच उगवत असेल तर? एचआयव्हीसह जगणाऱ्या अनेकांचं नेमकं हेच होतं.

दर १ डिसेंबरला कॉलेजात रेड रिबन क्लबची रॅली निघते, पोस्टर स्पर्धा होते. संसर्ग कसा होतो, कसा होत नाही, टेस्ट का करायची, असली पोस्टर्स मीही तीन वर्षं रंगवली. ती हवीतच. पण टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर माणूस पुढची तीस-चाळीस वर्षं कसा जगतो, हे त्या पोस्टरवर कधीच नसतं.

आकड्यांत न मावणारं

'नॅको'च्या २०२३च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत. त्यातले सर्वाधिक, जवळपास ४ लाख, आपल्या महाराष्ट्रात आहेत. सरकारी केंद्रांत एआरटीची औषधं २००४पासून मोफत मिळतात. २०१७पासून तर निदान झालं की लगेच उपचार, असं धोरण आहे. गोळ्या नियमित घेतल्या तर रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये सापडणार नाही इतका कमी होतो आणि मग लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाही. हे यश मोठं आहेच.

जगभरात हे यश ९५-९५-९५ या लक्ष्यावर मोजतात. म्हणजे ९५ टक्के बाधितांना आपली स्थिती माहीत असावी, त्यातल्या ९५ टक्क्यांना उपचार मिळावेत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांचा व्हायरस आटोक्यात असावा. पण तो माणूस रात्री झोपतो का? त्याचं अंग दुखतं का? हे या तीन आकड्यांत कुठेच नाही. म्हणूनच २०१६मध्ये, लक्ष्य ९०-९०-९० होतं तेव्हा, काही संशोधकांनी 'चौथा ९०' सुचवला होता, चांगल्या जीवनमानाचा. अधिकृत लक्ष्यात तो काही आला नाही.

दुखतं का?

वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिले, तर एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक कुठल्या ना कुठल्या वेदनेची तक्रार करतात. सगळ्यात ओळखीचा त्रास म्हणजे पायांत मुंग्या, जळजळ, सुया टोचल्यासारखं वाटणं. व्हायरसमुळे नसांना इजा होते हे एक कारण. दुसरं कारण जुन्या औषधांचं. स्टॅव्ह्यूडिन हे एके काळी भरपूर वापरलेलं औषध नसांना त्रासदायक ठरलं, म्हणून ते मागे पडलं. पण तेव्हा ते घेतलेल्या काहींचं दुखणं आजही सुरू आहे. शिवाय व्हायरस आटोक्यात असतानाही शरीरात थोडी सूज धुमसत राहते.

आता यात अपुऱ्या झोपेची भर घाला. २०१९मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथल्या संशोधकांनी निरोगी तरुणांना रात्रभर जागवलं आणि सकाळी त्यांच्या पायाला नियंत्रित चटका देऊन मेंदूचं स्कॅनिंग केलं. झोप झालेली असताना जेवढी उष्णता सहन होत होती, त्याहून कमी उष्णतेला आता 'दुखतंय' असं उत्तर आलं. मेंदूचा वेदना नोंदवणारा भाग जास्त पेटला होता आणि तिला आवर घालायला मदत करणारे भाग मंदावले होते. धडधाकट पोरांची एका रात्रीत ही गत! मग ज्यांच्या नसा आधीच दुखावल्यात, त्यांचं काय होत असेल?

झोप का उडते?

काही वेळा औषधामुळे. एफाविरेन्झमुळे विचित्र, अगदी खरी वाटणारी स्वप्नं पडतात. सध्याच्या डोल्युटेग्राविरनेही काहींची झोप मोडते. बाकीचं काम भीती करते. रूममेटला बाटली दिसली तर? लग्नाचं बोलणं सुरू झालं तर? कोणी बोललं तर? ही कुजबुज रात्रीच मोठी होते.

दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून जास्त दुखतं, असं हे चक्र आहे. पण दोन्ही बाजू सारख्या नाहीत. दीर्घकालीन वेदनांवरच्या अभ्यासांत दिसतं, की आजच्या दुखण्यावरून रात्रीच्या झोपेचा जितका अंदाज येतो, त्यापेक्षा आजच्या झोपेवरून उद्याच्या दुखण्याचा अंदाज जास्त चांगला येतो. म्हणजे चक्र तोडायचं तर झोपेपासून सुरुवात करायला हवी.

यावर कोणी म्हणेल, एआरटी केंद्रांत एवढी गर्दी, त्यात झोपेची चौकशी कोण करणार? पण थकलेला, दुखण्याने वैतागलेला माणूस गोळ्या चुकवण्याची शक्यता जास्त असते. आणि गोळ्या चुकल्या की व्हायरस पुन्हा डोकं वर काढतो. म्हणजे झोप हा काही चोचल्यांचा विषय नाही, ती उपचाराचाच भाग आहे. केंद्रांत समुपदेशक आहेतच. 'झोप कशी लागते?' हा एक प्रश्न त्यांच्या यादीत वाढवायचा आहे. काही वेळा डॉक्टर गोळीची वेळ रात्रीऐवजी सकाळची करून देतात, तेवढ्यानंही फरक पडतो (मनाने मात्र वेळ बदलायची नाही). झोपेच्या गोळ्यांआधी सवयी आणि विचार बदलण्याची एक उपचारपद्धती आहे, सीबीटी-आय नावाची. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये जुनाट निद्रानाशावर तीच पहिली सुचवली. ती मराठीतून, केंद्रावरच मिळायला काय हरकत आहे?

तुमचा वाटा

तुमच्या वर्गात, होस्टेलमध्ये एचआयव्हीसह जगणारं कोणी असू शकतं. कोण, हे शोधायला जाऊ नका. कोणी विश्वासाने सांगितलं तर ते तुमच्यापाशीच ठेवा. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने शिक्षण, नोकरी, घर यांत भेदभाव करायला मनाई आहे आणि परवानगीशिवाय कोणाची स्थिती उघड करायलाही. माहिती हवी असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

गोळ्यांची सोय सरकारने केली. पण ती बाटली उशीखाली लपवावी लागू नये, एवढी सोय तर आपण करू शकतो. ज्याला लपवायचं काही उरलं नाही, त्याला निदान भीतीपायी तरी जागावं लागणार नाही. यंदाच्या पोस्टरवर हे लिहायला जागा ठेवा.