पुस्तक हाती धरताना

पुस्तकांवरील प्रेमाविषयी मराठीत जे ललित लेखन झाले आहे, त्यात काही गोष्टी हमखास आढळतात. कोऱ्या पुस्तकाचा वास, पान उलटताना होणारी सळसळ, पावसाळ्यात पांघरुणात शिरून एका बैठकीत संपवलेली कादंबरी, ग्रंथालयाच्या कपाटासमोर उभे राहून तासभर केलेली निवड. ही वर्णने खोटी नाहीत. अशाच वाचनावर अनेकांचा पिंड पोसला आहे. तथापि या वर्णनांत बरेच काही गृहीत धरलेले असते. वाचणाऱ्याचे डोळे शाबूत आहेत, पुस्तकाचे वजन पेलण्याइतके बळ मनगटात आहे, पान उलटण्याइतकी बोटे वळतात, पाठ तासभर तरी साथ देते आणि ग्रंथालयाचा जिना पाय चढू शकतात, हे सारे कोणी बोलून दाखवत नाही. वाचन हा मनाचा व्यापार आहे असे आपण म्हणतो. पण तो सुरू होण्यापूर्वी शरीराने किती कामे मुकाट्याने उरकलेली असतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

ही गोष्ट साहित्यजगतापुढे नेमकेपणाने मांडली ती एका जपानी कादंबरीने. साओ इचिकावा यांच्या ‘हंचबॅक’ या छोटेखानी कादंबरीला २०२३ साली अकुतागावा पारितोषिक मिळाले. ‘राशोमोन’ या कथेचे लेखक र्‍युनोसुके अकुतागावा यांच्या नावाने १९३५ पासून दिले जाणारे हे पारितोषिक जपानमध्ये अत्यंत मानाचे समजले जाते. इचिकावा यांचा जन्म १९७९ चा. स्नायू दुर्बळ करणारा विकार त्यांना जन्मतःच जडलेला आहे. किशोरवयात श्वसनयंत्राची गरज भासू लागली आणि शाळेत जाणे थांबले. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ त्या अद्भुतरम्य आणि विज्ञानकथांच्या वळणाच्या लोकप्रिय कादंबऱ्या लिहून स्पर्धांना पाठवत राहिल्या. यश मिळाले नाही. चाळिशीच्या सुमारास त्यांनी वासेदा विद्यापीठाच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि अपंगांच्या चित्रणाचा समाजाशी असलेला संबंध या विषयावर प्रबंध लिहून २०२३ मध्ये पदवी मिळवली. घरी राहून, स्वतःच्या गतीने शिकणे म्हणजे काय, हे प्रस्तुत पुस्तकाच्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

‘हंचबॅक’ म्हणजे पाठीला कुबड असलेली व्यक्ती. आपल्या परंपरेत अशा दोन स्त्रिया चटकन आठवतात. एक मंथरा, दुसरी कुब्जा. मंथरेच्या पाठीचा बाक हा जणू तिच्या मनाच्या वाकडेपणाचा पुरावाच ठरतो. कुब्जेला श्रीकृष्ण सरळ करतो आणि मगच तिच्या कथेला शोभा येते. वाकडी पाठ एक तर दुष्टपणाची खूण, नाही तर दुरुस्तीची वाट पाहणारा दोष! पाठ वाकडी आहे, ती तशीच राहणार आहे, आणि तरीही त्या बाईला राग, इच्छा, मत्सर, विनोदबुद्धी असे सर्व काही आहे, ही तिसरी शक्यता कथाकारांना सहसा सुचलेली नाही. इचिकावांची नायिका शाका ही त्या तिसऱ्या वाटेवरची आहे. श्वसनयंत्राच्या आधाराने जगणारी ही स्त्री दूरशिक्षणाने शिकते, इंटरनेटवर मजकूर लिहिते, आणि आपली कथा स्वतः सांगते. ती मुळीच गोड बोलत नाही.

तिच्या संतापाचा एक विषय म्हणजे छापील पुस्तक. जाडजूड ग्रंथ हाती धरून वाचावा तर तिचा वाकलेला कणा त्याची किंमत वसूल करतो. म्हणून कागदाच्या वासाचे आणि पानांच्या स्पर्शाचे गोडवे गाणाऱ्या ग्रंथप्रेमींवर ती तुटून पडते. वाचनासाठी जे शरीर लागते ते आपल्याला आयतेच मिळाले आहे, याची त्यांना जाणीवही नाही, आणि हा अडाणीपणाच ते संस्कृती म्हणून मिरवतात, असा तिचा रोख आहे. कित्येकांना हा सूर कर्कश वाटेल. मला तो न्याय्य वाटतो. ती पुस्तकांचा द्वेष करत नाही. पुस्तकावाचून जिला राहवत नाही, तिच्याच तोंडी असा राग शोभतो. ज्याला पुस्तकांचे सोयरसुतक नाही, त्याला त्यांचे वजन कशाला खुपेल?

पारितोषिक स्वीकारताना इचिकावांनी उपस्थित केलेला प्रश्नही याच जातीचा होता. तीव्र अपंगत्व असलेल्या लेखकाला हा मान प्रथमच मिळत असल्याचा बोलबाला झाला, तेव्हा २०२३ साल उजाडेपर्यंत हे प्रथम का घडले नव्हते, याचा विचार करा, असे त्यांनी सुचवले. कौतुकाचे शब्द तोंडात असतानाच यजमानांना उत्तर देणे भाग पडावे, असा हा प्रश्न होता. अपंगांना वाचनाच्या सोयी मिळाव्यात यासाठी जपानने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा केला होता, हे येथे नमूद करावयास हवे. कायदा झाला म्हणजे पुस्तक हाती आले असे होत नाही, हेही त्यावरून ध्यानी येते.

अपंग व्यक्तीने लेखणी उचलली की समाज तिच्याकडून एकाच प्रकारच्या पुस्तकाची अपेक्षा करतो. ते म्हणजे आत्मकथन. तिने आपले दुःख सांगावे, त्यावर केलेली मात सांगावी आणि वाचकाने डोळे पुसत पुस्तक मिटावे. मराठीत नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ यासारखे मोलाचे आत्मकथन आहे, आणि अशा लेखनाने समाजाला पुष्कळ शिकवले आहे. त्याला उणेपणा देण्याचा माझा हेतू नाही. माझी तक्रार अपेक्षेविषयी आहे. आत्मकथनात लेखक स्वतःविषयीचे सत्य सांगण्यास बांधलेला असतो. कादंबरीकार मात्र जे घडले नाही तेही सांगू शकतो. तो खुन्याच्या मनात शिरतो, राजाच्या शयनगृहात जातो, स्वतःहून सर्वस्वी भिन्न अशा माणसांची सुखदुःखे रचतो. हे स्वातंत्र्य अपंग लेखकाला आपण सहजपणे देत नाही. त्याने कादंबरी लिहिली तरी आपण त्यात त्याचा आजारच शोधत बसतो.

आयर्लंडमधील ख्रिस्ती ब्राउन यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९३२ साली डब्लिनमध्ये एका कष्टकरी कुटुंबात ते जन्मले. मेंदूच्या पक्षाघातामुळे त्यांच्या शरीराचा फक्त डावा पाय त्यांच्या आज्ञेत होता. त्या पायाच्या बोटांत खडू धरून त्यांनी पहिले अक्षर काढले, ही कथा जगभर गेली. ‘माय लेफ्ट फूट’ हे त्यांचे आत्मचरित्र १९५४ साली प्रसिद्ध झाले आणि १९८९ मध्ये त्यावर निघालेला चित्रपटही गाजला. त्यांची कादंबरी ‘डाउन ऑल द डेज’ मात्र १९७० ची. घरातील दारिद्र्य, बापाचे दारू पिणे, मारझोड आणि या सर्वांच्या आड दडलेली माया यांचे तिच्यातील चित्रण आत्मचरित्रापेक्षा कितीतरी रखरखीत आहे. लेखक म्हणून ब्राउन यांची उंची या कादंबरीत दिसते असे माझे मत आहे. तरीही लोकांच्या स्मरणात राहिला तो डावा पाय!

दुसरे नाव आपल्या अधिक जवळचे आहे. वेद मेहता १९३४ साली लाहोरला जन्मले. बालपणीच्या तापात त्यांची दृष्टी गेली आणि पाच वर्षांचे होण्याच्या सुमारास वडिलांनी त्यांना दूर मुंबईला, दादरच्या अंधशाळेत पाठवले. पुढे अमेरिकेत ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ लेखन केले. त्यांनी ‘डेलिंक्वंट चाचा’ ही विनोदी कादंबरीही लिहिली. त्यांच्या लेखनात माणसांचे चेहरे, कपड्यांचे रंग, खोलीतील उजेड यांची वर्णने डोळस लेखकाच्या थाटात येतात. त्यावर काहींनी आक्षेप घेतला की, जे पाहिलेच नाही ते हा माणूस लिहितो कसे? विचारून, ऐकून, ताडून आणि कल्पनेने. डोळस कादंबरीकार तरी न पाहिलेल्या शतकाचे वर्णन आणखी कशाने करतो? मेहता २०२१ साली निवर्तले. हा आक्षेप मात्र अद्याप जिवंत आहे.

कादंबरी लिहिणारा मनुष्य आधी कादंबऱ्या वाचणारा असतो. ब्राउन यांच्या आरंभीच्या लेखनावर डिकन्सच्या भाषेची दाट छाया होती, कारण त्यांच्या वाट्याला मुख्यतः डिकन्सच आला होता. पुढे डॉ. रॉबर्ट कॉलिस यांनी इतर लेखकांकडे त्यांचे लक्ष वळवले, तेव्हा त्यांची भाषा मोकळी झाली. हाती काय लागते यावर लेखक घडतो. आपल्याकडे अपंग वाचकासाठी पुस्तक उपलब्ध करताना पहिला मान अभ्यासाच्या पुस्तकाला मिळतो, दुसरा संतचरित्राला, आणि कादंबरी म्हणजे चैन समजली जाते. पाठ्यपुस्तकाच्या समितीवरील व्यक्तीने असे लिहावे हे विचित्र दिसेल. पण केवळ पाठ्यपुस्तके वाचून कोणी वाचनाच्या प्रेमात पडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. रहस्यकथा, सवंग प्रेमकथा, अर्धवट टाकून दिलेली पुस्तके ही सर्व वाचकाची शिदोरी असते. इचिकावा वीस वर्षे लोकप्रिय वळणाचेच लिहीत होत्या. सुमार पुस्तक वाचण्याचा आणि सुमार पुस्तक लिहिण्याचा अधिकार आपण धडधाकट माणसाला न मागता देतो.

आपल्या देशात कायद्याची बाजू आता पुष्कळशी मोकळी झालेली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात, म्हणजे ब्रेल, ध्वनिमुद्रण, मोठा टाइप किंवा संगणकीय मजकूर अशा रूपात, पुस्तक उतरवून घेण्यास लेखक-प्रकाशकांच्या परवानगीची गरज राहिलेली नाही. मात्र त्यातून नफा कमवायचा नाही. २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अपंग वाचकांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले. सरकारी भाषेत ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले, तेही याच काळात. शब्द आदराचा असावा हे मान्य. पण शब्द बदलल्याने ग्रंथालयाच्या पायऱ्या कमी होत नाहीत.

अडचण उरते ती साध्या, तांत्रिक वाटणाऱ्या गोष्टींत. अनेक मराठी पुस्तके ज्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवली गेली, ते युनिकोड नाहीत. अशा फाइलमधील मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो. पण मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीला त्यात निव्वळ अर्थहीन चिन्हे आढळतात. पानांची छायाचित्रे काढून बनवलेली पीडीएफ तर त्या प्रणालीपुढे मुकीच असते. प्रकाशकांची भीती मी समजू शकते. हजार प्रतींची आवृत्ती काढून ती खपण्याची वाट पाहणाऱ्याला आपली फाइल भलत्याच हाती पडेल याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कोऱ्या पुस्तकाचे भराभर छायाचित्रण करून ते फुकट वाटणारे लोक प्रकाशकाच्या फाइलीसाठी थांबत नाहीत. थांबून राहतो तो अंध वाचक.

शेवटी एका अशा सोयीविषयी लिहावयाचे आहे, जी आपणांपैकी काहींनी परीक्षेत वापरली असेल. ती म्हणजे लेखनिक. ज्याला हाताने लिहिता येत नाही किंवा दिसत नाही, तो उत्तर सांगतो आणि दुसरा ते उतरवून घेतो. परीक्षेपुरती ही व्यवस्था चांगली आहे, कारण तेथील उत्तरात लपवण्यासारखे काही नसते. कादंबरीचे तसे नाही. तिच्यात माणूस आईविषयी, बापाविषयी, शेजाऱ्याविषयी, स्वतःच्या मनातील अंधाऱ्या कोपऱ्यांविषयी जे लिहितो, ते समोर बसलेल्या माणसाला मोठ्याने सांगणे सोपे नसते. ब्राउन यांनी आत्मचरित्राचा मजकूर भावांना सांगून लिहून घेतला होता. पुढे पायाच्या बोटाने ते टंकलेखन यंत्र चालवू लागले. आत्मचरित्रातील बाप आणि कादंबरीतील बाप यांत जो फरक पडला, त्यास वयाइतकाच हा एकांतही कारणीभूत असावा असे मला वाटते; भाऊ समोर बसून लिहीत असताना बापाची मारझोड सांगावी कशी? इचिकावांनी आपली कादंबरी एका लहानशा टॅबलेटवर स्वतःच लिहिली. त्यांच्या नायिकेच्या आयुष्यात अंघोळीपासून अंथरुणापर्यंत प्रत्येक गोष्टीला कोणी तरी मदतनीस हजर असतो. कोणी शेजारी नसते ते फक्त ती लिहीत असताना, आणि त्या वेळी ती जे लिहिते ते मदतनिसांना वाचून दाखवण्याजोगे मुळीच नसते.