आधी पोटोबा, मग डंबेल!

हॉस्टेलच्या आसपासच्या जिमवाल्यांचे वर्षातून दोन सीझन असतात. पहिला १ जानेवारीला सुरू होतो आणि साधारण मकरसंक्रांतीच्या तिळगुळात विरघळतो. दुसरा गॅदरिंग जवळ आलं की येतो. या काळात निम्मा ब्लॉक पहाटे उठतो, आरशासमोर दंड फुगवून बघतो आणि तीन आठवड्यांनी "काही फरकच पडत नाही यार" म्हणून पुन्हा पांघरुणात शिरतो. दोष कोणाला? कोणी जिमच्या मशीनला देतो, कोणी ट्रेनरला, कोणी "आमची हाडंच जाड" म्हणून थेट आजोबांना. माझं मत विचाराल तर खरा आरोपी तळमजल्यावर बसलाय, स्टीलच्या ताटात. शरीर घडतं किंवा बिघडतं ते मेसमध्ये, आणि त्याविषयी आपण एक शब्द बोलत नाही.

आपण इंजिनिअरिंगवाले. फर्स्ट लॉ ऑफ थर्मोडायनॅमिक्स ओरलला झोपेतसुद्धा सांगू. पण तोच नियम आपल्या पोटालाही लागू आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी. ६५ किलोच्या मुलाने पाच किलोमीटर पळून काढलं तर खर्च होतात जेमतेम तेवढ्याच. म्हणजे सकाळी ग्राउंडवर गाळलेला सगळा घाम संध्याकाळी गेटवर पाच मिनिटांत परत भरला. वर कोल्ड्रिंकची ३०० मिलीची बाटली घेतली तर त्यात सहा चमचे साखर, तिचा हिशोब वेगळाच. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला अर्धा किलो उतरतो. याहून जास्त घाई करणारा माणूस बहुतेक वेळा पाणी आणि स्नायू घालवतो, आणि काटा खाली आला म्हणून पेढे वाटतो.

आता "टोनिंग"चं बघू. हा शब्द ऐकला की वाटतं, स्नायूला पॉलिश करायचं काहीतरी खास तंत्र असणार. तसलं काही नसतं. वरची चरबी कमी झाली आणि खालचा स्नायू शाबूत राहिला (किंवा थोडा वाढला) की शरीर रेखीव दिसतं, एवढंच. शंभर क्रंचेस मारून फक्त पोटाचीच चरबी जाते हाही गैरसमज. चरबी कुठून आधी जाणार हे शरीर ठरवतं, आपण नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी: वजनं उचलून स्नायूला "तुझी गरज आहे" असं सांगायचं, आणि तो टिकावा म्हणून पुरेसं प्रोटीन द्यायचं. घोडं पेंड खातं ते या दुसऱ्या गोष्टीत.

चला, मेसच्या ताटाचं गणित मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार साध्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. ६५ किलोला झाले ५४ ग्रॅम. पण वजनं उचलणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत गेलं तर फायदा होतो, म्हणजे किमान ८० आणि जास्तीत जास्त शंभराच्या आसपास. आता आपलं ताट. नाश्त्याला पोहे-चहा, ६-७ ग्रॅम. दुपारी चार पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि तळ दिसेल इतकं पारदर्शक वरण, सगळं मिळून २२. संध्याकाळी वडापाव, ६-७. रात्री पुन्हा दुपारचीच झेरॉक्स, २२. बेरीज ५७. म्हणजे जगायला पुरेसं, पण घडायला अपुरं. त्यात तर्रीवर तरंगणारं तेल धरा. दर चमच्याला ४५ कॅलरी. आपल्या ताटात इंधन भरपूर आहे, विटा कमी आहेत.

इथे हुशार मंडळी डब्याकडे धाव घेतात. दोन-तीन हजारांचा, वर फुगलेल्या गोऱ्या माणसाचं चित्र असलेला डबा! व्हे प्रोटीन हे काही विष नाही. चीज बनवताना दुधातून जे पाणी निथळतं त्यातलं ते प्रोटीन, बस. पण ती जादूही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा पावडरी टाळायलाच सांगितलं आहे. आणि आपल्याला कमी पडतायत रोजचे तीसेक ग्रॅम. ते असे भरतात: दोन उकडलेली अंडी १२, पाव लिटर दूध ८, मूठभर फुटाणे ६, आणि बटाट्याच्या जागी मटकीची किंवा हरभऱ्याची दाट उसळ, वाटीमागे ७. झाले ३३. अंडी न खाणाऱ्याने ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भाजीत टाकाव्यात, १५ ग्रॅम तिथेच मिळाले. शेंगदाणेही उत्तम, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. तेव्हा सबमिशन लिहिता लिहिता अख्खा पुडा संपवू नका! आणि खर्च? अंडी-दूध-फुटाण्याचे रोजचे तीस-पस्तीस रुपये. गेटवरच्या वडापाव-कोल्ड्रिंकला आपण तेवढेच घालवतो, आणि ते बंद केलं की ४०० कॅलरींची तूट फुकटात पडते.

एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. "डाएट करतेय" म्हणून रात्रीचं जेवणच सोडणाऱ्या मैत्रिणी लेडीज हॉस्टेलमध्ये ढिगाने सापडतील. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. अशा शरीराला उपाशी ठेवून काय साधणार? वजन उतरतं, पण सोबत स्नायू जातात, ताकद जाते, केस गळतात आणि लेक्चरला चक्कर येते. वजनं उचलली की "पुरुषी" दिसू ही भीतीही फोल आहे. तेवढे स्नायू मुलांनाही वर्षानुवर्षं घाम गाळून मिळत नाहीत.

आणि काट्याचं एवढं कौतुक तरी का? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं ते ५७ किलो गटात. म्हणजे वजन आपल्या ब्लॉकमधल्या कुठल्याही किडकिडीत पोराएवढं. फरक होता तो त्या वजनात काय भरलंय याचा. मात्र तालमीतल्या पैलवानाची थंडाई आणि तूप बघून कोणी नक्कल करू नये. तो शेकड्यांनी जोर-बैठका काढतो, आपण सहा तास बाकावर आणि चार तास मोबाईलसमोर असतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की हा प्रश्न एकेकट्याच्या "विल पॉवर"चा नाही, मेस कमिटीचा आहे. दरवर्षी आपण कमिटी निवडतो ती फीस्टला गुलाबजाम की श्रीखंड यावर भांडायला. त्याऐवजी चार मागण्या करूया. आठवड्यातून चार दिवस बटाट्याऐवजी उसळ. वरण दाट, भले तेल कमी. नाश्त्याला कूपनवर अंडी किंवा दूध, ज्याला हवं त्याला. आणि मेस साडेआठऐवजी साडेनऊला बंद व्हावी, कारण जिमवरून उशिरा परतणाऱ्याला बंद दार दिसतं आणि तो टपरीवरच्या मॅगीवर रात्र काढतो. मेसवाले काका म्हणतील परवडत नाही. त्यांना आपण जर्नलच्या मागच्या पानावर हिशोब करून दाखवू. मटकी भिजवायला पाणी आणि रात्र लागते, मशीन नाही. शिवाय वाचलेल्या तेलाचे पैसे आहेतच.

घरून महिन्याचे मोजके पैसे येणाऱ्या मुलाला डबा परवडत नाही आणि रोज बाहेरची अंडीही परवडत नाहीत. त्याच्यासाठी मेसचं ताट हाच एकमेव खुराक आहे. ते ताट सुधारलं तर अख्खं हॉस्टेल सुधारेल, आणि जिममध्ये गेलेला घाम तरी वाया जाणार नाही. मेस कमिटीची पुढची मीटिंग नोटीस बोर्डावर लागेल तेव्हा निदान दहा जण तरी या. येताना भूक घेऊन या, म्हणजे मुद्दे नीट सुचतील!