बाभळीच्या लाकडावरचे मटण!

नांदेडहून लातूरला जाताना ढाब्यांच्या पाट्या वाचणे हा माझा जुना छंद. 'चुलीवरचे मटण', 'चुलीवरची भाकरी'... परवा एका पाटीने कडीच केली. 'बाभळीच्या लाकडावरचे मटण'! जेवताना भाचा म्हणाला, "मामा, लिंबाच्या लाकडावर ही चव येत नाही."

मी विचारले, "पातेल्यावर झाकण असतं ना रे?"

"असतं की."

"मग धूर आत शिरला कुठून?"

मंडळी, धूर पदार्थाला लागला तरच चव बदलते. झाकल्या पातेल्यातल्या रश्श्याला बाभूळ काय अन् लिंब काय! ती चव मंद आचेची आणि वाटणाची.

धुराला चवच नसते, असे मी म्हणत नाही. लाकडातले लिग्निन तापून फुटले की ग्वायकॉल, सिरिंगॉल ही द्रव्ये धुरात उतरतात. खमंग वास त्यांचा. पण बाभूळ, लिंब, आंबा, सगळ्यांच्याच धुरात ती असतात, प्रमाण तेवढे कमीजास्त. झाड कोणते यापेक्षा लाकूड वाळलेले की ओले, हे जिभेला आधी कळते.

गेल्या येळवशीला शेतात मी परीक्षाच घेतली. एक वांगे तुराट्यांवर, एक बाभळीच्या आरावर भाजले, एक घरून गॅसवर भाजून नेले. डोळे झाकून भरीत चाखायला दिले. गॅसचे सगळ्यांनी ओळखले. उरलेल्या दोहोंत निम्मे चुकले, त्यात भाचेबुवाही! हुरड्याला गोवऱ्याच हव्यात, हे मात्र मान्य. पण तेही आच मंद आणि सारखी मिळते, दाणा करपत नाही, म्हणून.

मला राग या चवीच्या गप्पांचा नाही. माझ्या आईने जन्मभर बाभळीच्या लाकडावर रांधले. तिने कधी लाकडाचे कौतुक केले नाही. डोळ्यांना पदर लावला आणि म्हातारपण खोकण्यात काढले. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, खेड्यातल्या बायांच्या घरी सिलिंडर आले, आणि आपण शहाणे चुलीच्या पाट्या मिरवतो आहोत!

हात धुवायला ढाब्याच्या मागे गेलो. फुंकणी घेतलेली बाई डोळे पुसत होती. विचारले, "बाई, लिंबाचं लाकूड चालतं का?"

"काका, ग्यास दिला तर लई बरं व्हईल," ती म्हणाली.

वर्षातून चार दिवस हुरडा, भरीत धुरावर जरूर खावे. पण स्वतः फुंकर घालून!