उंबरठ्यावरची मुले

२०२५ च्या जुलै महिन्यात पॅरिस येथे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचे सत्तेचाळिसावे अधिवेशन भरले होते. त्यात शिवछत्रपतींच्या स्वराज्याशी निगडित बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला आणि महाराष्ट्राने तो आनंद मनापासून साजरा केला. त्याच अधिवेशनात ग्रीसच्या क्रीट बेटावरील सहा प्राचीन मिनोअन राजवाड्यांचाही या यादीत समावेश झाला. त्यांतील एक राजवाडा मालिया नावाच्या गावाजवळ आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तो प्रथम बांधला गेला आणि १९२० च्या दशकापासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी तो पद्धतशीरपणे उकरून काढला. जवळच्या दफनस्थळी सोन्याचे एक इवलेसे पदक सापडले. मधाच्या एका थेंबाभोवती दोन मधमाश्या समोरासमोर बसल्या आहेत, एवढेच त्यावरचे चित्र. पण ते पाहण्यासाठी जगभरातून माणसे हेराक्लिऑनच्या संग्रहालयात येतात.

ब्रिटनमधल्या विशीच्या आतबाहेरच्या मुलाला मात्र मालिया म्हटले की यातले काहीच आठवत नाही. त्याला आठवते तेथील मद्यालयांची रांग, पहाटेपर्यंत चालणारा धांगडधिंगा आणि २०११ साली आलेला 'द इनबिटविनर्स मूव्ही' हा चित्रपट. 'ई-४' या वाहिनीवर २००८ ते २०१० या काळात तीन पर्वांत दाखवल्या गेलेल्या अठरा भागांच्या मालिकेवर तो आधारलेला होता. डेमन बीस्ली आणि इयन मॉरिस हे तिचे जनक. शाळा संपलेली चार मुले सुट्टीसाठी मालियाला जातात आणि तेथे एकामागून एक फजितीला तोंड देतात, एवढेच कथानक. सुमारे पस्तीस लाख पौंडांत तयार झालेल्या या चित्रपटाने एकट्या ब्रिटनमध्ये साडेचार कोटी पौंडांच्या आसपास गल्ला जमवला. प्रदर्शनाच्या पहिल्याच आठवड्याच्या अखेरीस त्याने विनोदी चित्रपटांचे तोवरचे तेथील सर्व उच्चांक मोडले. २०१४ साली दुसरा भाग आला, तेव्हा हीच मुले ऑस्ट्रेलियाला गेली.

चित्रपट अश्लील आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. त्यातील संवाद कुटुंबात बसून ऐकण्याजोगे नाहीत. छातीवर बीभत्स मजकूर छापलेले एकसारखे सदरे घालून ही मुले गावभर हिंडतात, मद्याच्या धुंदीत लोळतात आणि स्त्रीदेहाखेरीज दुसरा विषय त्यांच्या बोलण्यात नसतो. अशा कलाकृतीवर टीकेची झोड उठवणे सोपे आहे आणि सभ्य समाजाला तो अधिकारही आहे. परंतु ज्या चित्रपटावर एका प्रगत देशाची तरुण पिढी लोटली, त्याला नाक मुरडून पुढे जाणे म्हणजे रोगाचे लक्षण पाहून तोंड फिरवण्यासारखे होईल. प्रश्न असा आहे की, त्या मुलांना या चौघांमध्ये स्वतःचे असे काय दिसले?

याचे उत्तर नावातच आहे. 'इनबिटविनर्स' म्हणजे अधलेमधले. ना धड मूल, ना धड माणूस. हे चौघे शाळेतले दांडगट नाहीत आणि नामांकित हुशारही नाहीत. त्यांच्या फुशारक्या मोठ्या आणि अनुभव शून्य. विलचे आईवडील विभक्त झाले, म्हणून खासगी शाळा सोडून त्याला सरकारी शाळेत यावे लागले. आणि चित्रपटात त्याचे वडील आपण बऱ्याच तरुण स्त्रीशी लग्न करून मोकळे झाल्याचे मुलाला सांगतात. नीलची आई घर सोडून गेली आहे. थापा मारण्यात पटाईत असलेल्या जेचा बाप चारचौघांत मुलाचा पाणउतारा करण्यात धन्यता मानतो आणि त्याचे आजोबा नुकतेच वारले आहेत. सायमनला त्याची मैत्रीण सोडून गेली आहे. म्हणजे आनंदाच्या भराने नव्हे, तर दुःख विसरावे म्हणून ही मुले परदेशी निघाली आहेत. प्रेक्षक खदाखदा हसतो. पण ज्याच्यावर तो हसतो, ते मूल मुळात एकाकी आहे.

चित्रपटाचा आरंभ शाळेच्या निरोपाने होतो. वरच्या वर्गांचे प्रमुख शिक्षक विद्यार्थ्यांपुढे बोलायला उभे राहतात. पण त्या भाषणात आशीर्वाद नाही, उपदेश नाही, साधी शुभेच्छाही नाही. आहे तो केवळ कुत्सितपणा आणि एकदाची ब्याद टळल्याचा सुटकेचा भाव. लेखकांनी हा प्रसंग हसवण्यासाठी लिहिला आहे हे खरे. पण अवघ्या चित्रपटाची गुरुकिल्ली त्यात आहे. आपल्या परंपरेत गुरुगृहातून शिष्य निघताना समावर्तनाचा संस्कार होत असे. आता कसे वागायचे, कोणाला मान द्यायचा, हे गुरू त्याला सांगत आणि मग गृहस्थाश्रमाकडे त्याची पावले वळत. बालपण संपले आणि जबाबदारी सुरू झाली, हे वडीलधाऱ्यांनी चारचौघांसमक्ष सांगण्याची काही ना काही रीत जगातल्या बहुतेक समाजांनी जपलेली होती. ज्या समाजात ती रीत नाहीशी होते, तेथे उंबरठा राहतोच. फक्त त्यावर मुलाचा हात धरायला कोणी उरत नाही. मग तो हात बाजार धरतो.

बाजाराने तो हात कसा धरला, याचा इतिहास उद्बोधक आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील सरदारपुत्र शिक्षणाची सांगता म्हणून फ्रान्स-इटलीची यात्रा करीत. त्यांच्यासोबत शिक्षक असे, आणि इंग्रजांनी थट्टेने त्याला अस्वल नाचवणाऱ्या दरवेश्याचे नाव दिले होते. ही अस्वले काही साधुसंत नव्हती. जुगार, मद्य आणि बाकीचे सारे तेव्हाही होतेच. पण दरवेशी सोबत होता, आणि कधीकधी तो फार मोठा माणूस असे. अर्थशास्त्राचा जनक मानला जाणारा अ‍ॅडम स्मिथ १७६४ ते १७६६ या काळात बक्लूच्या तरुण ड्यूकबरोबर याच नात्याने फ्रान्समध्ये होता.

सामान्यांना प्रवास मिळाला तो पुढच्या शतकात. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या सुतारकाम करणाऱ्या धर्मनिष्ठ गृहस्थाने सुमारे पाचशे लोकांना माणशी एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेले. हा प्रवास मद्यपानविरोधी मेळाव्यासाठी होता! माणसाला दारूच्या गुत्त्यातून बाहेर काढायचे, तर त्याला दुसरा निर्मळ आनंद दिला पाहिजे, अशी कुकची श्रद्धा होती. ज्याला आज संघटित पर्यटन म्हटले जाते, त्याच्या मुळाशी दारूबंदीची चळवळ आहे, ही गोष्ट विसरली गेली आहे.

विमानाने सहली नेण्याचा धंदा दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावला. १९५० मध्ये होरायझन या कंपनीने पहिले प्रवासी कॉर्सिका बेटावर नेले आणि १९६५ मध्ये याच कंपनीने केवळ तरुणांसाठी 'क्लब १८-३०' सुरू केला. वडीलधाऱ्यांची सोबत नाही, हेच त्याचे आकर्षण होते. १९९० च्या दशकात त्याच्या द्व्यर्थी जाहिरातींवर तक्रारींचा पाऊस पडला आणि त्या मागे घ्याव्या लागल्या. पण नाव मात्र घरोघर पोहोचले. हा क्लब हात बदलत बदलत अखेर कोणाकडे आला? थॉमस कुक कंपनीकडे! दारू सुटावी म्हणून जी संस्था जन्मली, तीच मुलांना मद्याच्या गावी पोहोचवू लागली. २०१८ मध्ये क्लब बंद झाला आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी ती ब्रिटिश कंपनीही बुडाली. तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी तेव्हा परदेशांत अडकून पडले होते. संस्थापकाचा हेतू विसरून केवळ त्याचे नाव चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने या कथेचा विचार करावा.

या सगळ्यात यजमानाचे काय झाले? ग्रीक भाषेत 'फिलोक्सेनिया' असा सुंदर शब्द आहे. परक्यावर प्रेम करणे हा त्याचा अर्थ. अतिथीला देव मानणाऱ्या भारतीय मनाला तो चटकन उमजतो. पण देव म्हणून आलेला पाहुणा रस्त्यावर ओकू लागला, तर यजमानाने काय करावे? स्वस्त दारू विकून तेथील गावे श्रीमंत झाली, हे नाकारता येत नाही. त्या पापात त्यांचाही वाटा आहे. या चित्रपटाचे काही चित्रीकरण स्पेनच्या मायोर्का बेटावरील मागालुफ येथे झाले. तेथील प्रादेशिक सरकारने जानेवारी २०२० मध्ये मागालुफसह मोजक्या वस्त्यांत स्वस्त मद्याची प्रलोभने आणि टोळक्याने मद्यालये पालथी घालण्याच्या सहली यांवर बंदी घातली. २०२४ मध्ये नियम आणखी कडक करून रस्त्यावर मद्य पिणे दंडनीय ठरवले. २०२३ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम नगराने १८ ते ३५ वयाच्या ब्रिटिश पुरुषांना उद्देशून जाहिरात दिली की, धिंगाणा घालायचा असेल तर येऊ नका. एखाद्या देशाच्या तरुणांना वयासकट नाव घेऊन 'दूर राहा' असे सांगितले जावे, ही त्या मुलांपेक्षा त्यांच्या वडिलांना शरम वाटावी अशी गोष्ट आहे.

खुद्द चित्रपट या अपराधातून मुक्त नाही. पार्श्वभूमीला अवघे क्रीट आहे. पण क्रीटचा माणूस त्यात जवळजवळ नाहीच. असलाच तर पेला आणून देणारा किंवा कळकट हॉटेल चालवणारा. त्या मुलांना भेटणाऱ्या चार मुलीही सहनशील आणि शहाण्या आहेत त्या जणू या चौघांना सुधारण्यापुरत्याच. असे असूनही एका ठिकाणी लेखकांची प्रामाणिकता मान्य करावी लागते. जेन नावाची स्थूल मुलगी जेला मनापासून आवडू लागते. पण एक परके टोळके तिच्या देहयष्टीवरून टोमणा मारते आणि हा बोलघेवडा मुलगा भेदरून तिला झिडकारतो. पुढे त्याला आपली चूक उमगते आणि तो तिच्याकडे परत जातो. चार लोक हसतील या भीतीवर मात करून ज्या क्षणी तो तिच्या शेजारी उभा राहतो, त्या क्षणी तो माणूस होतो. आणि त्यासाठी दारू, मद्यालय वा परदेश यांतल्या कशाचीही गरज नसते. एवढे सत्य हाती असूनही ते दीड तासाच्या चिखलातून वेचून घ्यावे लागते, हे दुर्दैव.

हे सारे वाचून 'असे तिकडेच घडायचे' म्हणून निःश्वास टाकणाऱ्यांनी थोडे थांबावे. हा चित्रपट ब्रिटनमध्ये झळकण्याच्या महिनाभर आधी, १५ जुलै २०११ रोजी, झोया अख्तर यांचा 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' भारतात प्रदर्शित झाला होता. त्यातही मित्रच आहेत आणि स्पेनची सहल आहे. तो सुसंस्कृत आणि देखणा आहे, त्यातील पुरुषही वयाने मोठे आहेत. तरीही त्यातला एक तरुण आपल्याला जन्मापूर्वीच सोडून गेलेल्या बापाला शोधत परदेशी फिरतो. दोन देश, दोन भाषा, दोन अभिरुची. पण मुलाच्या मनातली पोकळी तीच. आणि पर्यटनस्थळी उघड्यावर मद्य पिणाऱ्यास दोन हजार आणि टोळक्यास दहा हजार रुपये दंड करण्याची तरतूद गोव्याच्या विधानसभेला २०१९ च्या जानेवारीत करावी लागली, ती काही केवळ ब्रिटिश प्रवाशांसाठी नव्हती. शेजारच्या राज्यांतून गाड्या भरभरून जाणारी मुले कोणाची, हे महाराष्ट्राने स्वतःलाच विचारावे.

यावर उपाय म्हणून कोणी बंदीची मागणी करील. कायदा हवाच, पण जिथे लाज संपते तिथे कायदा सुरू होतो आणि तो मुलाला केवळ अडवू शकतो, घडवू शकत नाही. घडवण्याचे काम वडीलधाऱ्यांचे आहे. बारावीचा निकाल लागला की मुलाच्या हातात मोबाईल आणि पैसे ठेवून मोकळे होणाऱ्या बापाने, वर्षभरात एकदा तरी त्याच्याबरोबर चार दिवस पायी हिंडावे. त्याच्या भीतीविषयी आणि आकर्षणाविषयी त्याच्याशी न लाजता, न रागावता बोलावे. ज्या विषयावर बाप बोलत नाही, त्या विषयावर मित्रांचे टोळके बोलते. आणि टोळक्याला जे माहीत नसते, ते चित्रपट शिकवतो.

मालियाचा राजवाडा गावापासून फार तर तीन किलोमीटरवर आहे. त्या चार मुलांना तेथे नेणारा कोणी असता, तर कदाचित ती तेथेही खिदळली असती. कदाचित त्यांतल्या एखाद्याने क्षणभर थांबून त्या चार हजार वर्षांकडे पाहिलेही असते. याच यादीत आता रायगड आहे, राजगड आहे, प्रतापगड आहे. तेथेही सुट्टीच्या दिवशी मुलांचे थवे जातात. गडावर बाटल्या वेचणाऱ्या आणि तटाची डागडुजी करणाऱ्या तरुणांच्या तुकड्या महाराष्ट्रात आहेत, तशाच त्या बाटल्या टाकणाऱ्यांच्याही आहेत. दोन्हींचे वय तेच, सुट्टी तीच, गडही तोच. पहिल्या तुकडीला कधीतरी कोणी तरी हात धरून वर नेले होते. दुसरीला तो हात मिळालेला नाही; तो द्यायचा की नाही, हे ठरवणे मोठ्यांच्या हाती आहे.