मुहूर्ताची मोटार आणि तिचा हिशेब

विजयादशमीस दारी नवी मोटार यावी, तिला झेंडूचा हार पडावा, ही इच्छा स्वाभाविकच. अलीकडे तिच्यात एक नवा प्रश्न मिसळला आहे : पेट्रोल आणि वीज अशा दोहोंवर धावणारी, घरच्या प्लगवर चार्ज होणारी ‘प्लग-इन हायब्रिड’ घ्यावी काय? आपल्याकडे हा प्रकार आजवर बहुधा महागड्या विदेशी मोटारींतच दिसला.

कल्पना मोहक आहे खरी. रोजचे पन्नासेक कि.मी. विजेवर, गावचा लांबचा प्रवास पेट्रोलवर. परंतु हिशेब मांडून पाहावा. पेट्रोल लिटरला १०० रुपये व धाव १५ कि.मी. धरली, तर कि.मी.ला सुमारे ६.६७ रुपये पडतात. वीज युनिटला ८ रुपये व धाव ५ कि.मी. धरली, तर १.६०. वर्षाकाठी १२,००० कि.मी. विजेवर झाले, तर सुमारे ६१,००० रुपये वाचतात. किमतीतील फरक सहा लाखांचा असल्यास तो फिटावयास जवळजवळ दहा वर्षे! कर्जाचे व्याज निराळेच.

तेही रोज रात्री प्लग लावला तर. युरोपीय आयोगाच्या २०२४ च्या अहवालात अशा मोटारींचे प्रत्यक्ष कर्ब-उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या साडेतीनपट आढळले, कारण लोक त्या पुरेशा चार्जच करीत नाहीत. ज्यांच्या सोसायटीच्या आवारात प्लगच नाही, त्यांनी तर जड बॅटरीचे ओझे पेट्रोल जाळून वाहायचे.

म्हणून आमचे मत असे की, आधी सोसायटीच्या सभेत प्लगचा ठराव व्हावा, मोटार मागाहून. ठराव दसऱ्याआधी झाला नाही, तर पुढे दिवाळीचा पाडवा आहे, गुढीपाडवा आहे, अक्षय्य तृतीयाही आहे. तोवर हार जुन्या गाडीला घालावा.