घरचे आरोग्य : सोनोग्राफी खांद्याचीही होते

हळद शिजवून, वाळवून झाली की पोती भरायची आणि वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजाराला न्यायची. या दिवसांत आपल्या जिल्ह्यात घरोघरी एक तक्रार ऐकू येते, "खांदा धरला, हात वर जाईना." कुणी भरले पोते झटक्याने उचललेले असते, कुणी मोटारसायकलवरून पडलेला असतो. कुणा बाईचा खांदा वर्षानुवर्षे डोक्यावर घागरी चढवून झिजलेला असतो.

मग उपाय सुरू होतात. गरम तेलाने चोळणे, जाणत्याकडून हात ओढून घेणे, शेवटी एक्स-रे. एक्स-रेत हाड शाबूत दिसले की घरचे म्हणतात, "मामा, काही झालेलं नाही, उगीच मनाला लावून घेऊ नका." मामा मात्र रात्रभर त्या कुशीवर झोपू शकत नाहीत.

मामा खोटे बोलत नाहीत आणि एक्स-रेही नाही. एक्स-रेत हाडे दिसतात. हात उचलतात ते स्नायू, आणि स्नायू हाडाला बांधलेला असतो तो कंडरेने. कंडरा म्हणजे दोरासारखा चिवट पट्टा. खांद्याच्या सांध्याभोवती अशा चार स्नायूंच्या कंडरा असतात. बैल कितीही दांडगा असला तरी दोर तुटला की औत जागचे हलत नाही, तसेच येथे होते. साध्या एक्स-रेत हा दोर दिसत नाही.

सोनोग्राफीत तो दिसतो. खांद्यावर जेल लावून डॉक्टर यंत्राचा छोटा दांडा फिरवतात. आवाजाच्या लहरी आत जाऊन परततात आणि पडद्यावर चित्र उमटते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, उपाशी राहणे नाही. हात पाठीमागे न्यायला, बाजूला उचलायला सांगतात. कंडरा हलताना कोठे अडकते तेही दिसते. पूर्ण तुटलेली कंडरा सरावलेल्या डॉक्टरांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. अर्धवट फाटलेली कधी कधी सुटते; तेव्हा एम.आर.आय. सांगतात.

"सोनोग्राफी तर गरोदर बाईची असते, मी कशाला जाऊ?" असे म्हणून पुष्कळ पुरुष मागे सरतात. दवाखान्यात गर्भलिंगनिदान होत नाही अशी पाटी असते, त्यानेही हा समज पक्का होतो. ती पाटी 1994 च्या कायद्यामुळे आहे. खांदा तपासून घेण्यात त्या कायद्याची काही आडकाठी नाही.

घरी एक गोष्ट पाहावी. दुखरा हात स्वतःहून वर जात नाही, पण दुसऱ्याने हळूच धरून उचलला तर जातो, अशा वेळी कंडरा तुटल्याचा संशय घ्यावा. दुसऱ्याने उचलूनही जात नसेल तर सांधा आखडलेला असू शकतो. मधुमेह असलेल्यांत हे अधिक आढळते. जोर लावून मात्र पाहू नये. पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला तर चोळत, ओढत बसू नये, त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. ताज्या जखमेत शस्त्रक्रिया लागलीच तर ती लवकर झालेली बरी. महिने गेले की स्नायू आक्रसतो, वाळतो. डाव्या खांद्याबरोबर छातीत दुखून घाम फुटला तर ते खांद्याचे दुखणे समजू नये, तडक दवाखाना गाठावा.

चित्रात फाटलेले दिसले म्हणून घाबरूही नये. साठीनंतर अनेकांच्या कंडरा झिजून फाटलेल्या असतात आणि त्यांना दुखतही नाही. झिजेच्या दुखण्यात विश्रांती आणि शिकवलेला व्यायाम नेमाने दोन-तीन महिने केला तर बहुतेकांना आराम पडतो. चित्र आणि हाताची ताकद दोन्ही पाहून डॉक्टर निर्णय घेतात.

हिंगोलीला 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. नांदेडला विष्णुपुरीचे आहेच. जाण्यापूर्वी "खांद्याची सोनोग्राफी होते का?" एवढे विचारून घ्यावे, कारण हे काम सरावाचे आहे.

पोते पुढच्या बाजारालाही नेता येईल. हात दुसरा मिळायचा नाही.