लगाम कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, आपल्या भागातल्या लग्नांत अलीकडे एक नवी पद्धत रुजली आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचीही घोड्यावरून मिरवणूक निघते. पुढे ‘मुलगी मुलापेक्षा कमी नाही’ असा फलक, मागे डीजे, आणि मधे फेटा बांधलेली, गॉगल लावलेली नवरी. बापाची हौस खरी असते, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण दरवेळी एक गोष्ट माझ्या नजरेत भरते. नवरी दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून अंग चोरून बसलेली असते, कारण जन्मात पहिल्यांदाच ती घोड्यावर बसलेली असते. आणि लगाम असतो घोडेवाल्याच्या हातात. तो म्हणेल तिथे वळायचं, तो म्हणेल तिथे थांबायचं.

लगाम स्वतःच्या हातात घेतलेली मुलगी कशी दिसते, हे मी मागच्या हिवाळ्यात पुण्याजवळच्या एका घोडेस्वारीच्या क्लबवर पाहिलं. माझी भाची तिथे शिकते. ती राहते पुण्यातच. वडिलांना, म्हणजे माझ्या भावाला सुट्टी मिळेना म्हणून सोबतीला मी गेले. दोन दिवसांचं ‘क्रॉस-कंट्री क्लिनिक’ होतं. क्लिनिक म्हणजे दवाखाना नव्हे, शिबिर. तरुण, अजून पुरतं न शिकलेलं घोडं घेऊन यायचं आणि जाणत्या प्रशिक्षकासमोर त्याला मोकळ्या रानातले अडथळे ओलांडायला शिकवायचे.

या खेळाचं नाव ‘इव्हेंटिंग’. त्यात तीन परीक्षा असतात. पहिली ‘ड्रेसाज’, म्हणजे आखलेल्या चौकोनात घोड्याची शिस्तबद्ध चाल. दुसरी क्रॉस-कंट्री, म्हणजे रानावनातून दौड. वाटेत ओंडके, चर, उंचवटे, पाण्याचे डोह. तिसरी मैदानातल्या उड्यांची. लष्करी घोडा संचलनात डौलदार, रणात बेडर आणि दुसऱ्या दिवशीही ताजातवाना हवा, या गरजेतून हा खेळ जन्मला. ऑलिम्पिकमध्ये तो 1912 पासून आहे. मैदानातल्या उडीत घोड्याचा पाय लागला तर दांडी खाली पडते, पण क्रॉस-कंट्रीतले अडथळे बहुतेक पक्के, भरभक्कम असतात. म्हणून खरी छाती लागते ती तिथेच.

भाचीकडे होती एक पाच वर्षांची कुमैत घोडी, म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची. आधी रेसकोर्सवर पळालेली. शर्यतीचं घोडं दोन वर्षांचं झालं की पळायला लागतं आणि लवकरच निवृत्त होतं. त्यातली बरीच मग रायडिंग स्कूलमध्ये येतात. या घोडीला फक्त सरळ आणि जोरात पळणं माहीत. थांबणं, वळणं, विचार करणं तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. (हे वाचून तुम्हाला काही ओळखीची मुलंमाणसं आठवली तर मी जबाबदार नाही!)

सकाळी सहाला थंडीत आम्ही हजर. मला वाटलं होतं, आता मोठमोठ्या उड्या बघायला मिळणार. कसलं काय! पहिला अर्धा तास नुसती कदमचाल आणि दुडकी. मग जमिनीवर आडवा पडलेला एक ओंडका, गुडघ्यापेक्षाही कमी उंचीचा. तोसुद्धा आधी चालत ओलांडायचा. पुढे एक म्हातारं, शांत घोडं जायचं आणि त्याच्या मागून ही घोडी. त्या म्हाताऱ्या घोड्याचं काम एवढंच की, ‘बघ, मी गेलो, मला काही झालं नाही’ हे दाखवायचं. सर म्हणाले, तरुण घोड्याला शंभर सूचनांपेक्षा पुढे चालणारं एक भरवशाचं घोडं जास्त शिकवतं.

खरी गंमत पाण्याशी आली. वीतभर पाण्याचा उथळ डोह, पण घोडी काठाशी येऊन थबकली. कान टवकारले, नाकातून फुर्रफुर्र केलं आणि एक पाऊल पुढे टाकेना. घोड्याला पाण्याची खोली कळत नाही. त्याला ते वीतभर आहे की विहिरीएवढं, हे आत पाय टाकल्याशिवाय समजत नाही. आपल्याकडे अशा वेळी काय करतात? चाबूक. इथे सर म्हणाले, “मागे फिरवू नको, मारू नको, घाई करू नको. तोंड पाण्याकडेच राहू दे. लगाम सैल सोड, तिला मान खाली घालून हुंगू दे. आणि तू खाली पाण्याकडे बघू नको, पलीकडच्या झाडाकडे बघ. तू जिथे बघशील तिथे ती जाईल.”

मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं गेली. घोडीनं पाणी हुंगलं, पुढच्या पायानं खळबळवलं, मागे सरकली, पुन्हा आली. आणि मग एकदम, जणू आपणच ठरवलं असं, आत उतरली. भाचीनं तिच्या मानेवर थोपटलं. पुन्हा एकदा आत-बाहेर करवलं, आणि सरांनी सांगितलं, “आजचं पाणी संपलं. आता खोगीर उतरव.” मी म्हटलं, एवढ्यातच? तर म्हणे, चांगलं झालं की थांबायचं. दमेपर्यंत करवलं तर तिच्या लक्षात दमणंच राहतं.

अजून एक गोष्ट कळली. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. पण अगदी कपाळासमोरचं दिसत नाही. म्हणजे उडी घेताना शेवटच्या क्षणी अडथळा त्याच्या नजरेआड गेलेला असतो. शिवाय स्पर्धेत स्वारानं आधी सगळी वाट पायी हिंडून पाहिलेली असते, घोड्याला मात्र ती पहिल्यांदाच दिसते. पाचशे किलोचं जनावर न दिसणारा अडथळा ओलांडतं ते पाठीवरच्या पन्नास किलोच्या पोरीवर भरवसा ठेवून. तो भरवसा अशा सकाळी, अकरा-अकरा मिनिटांनी जमा होतो.

दुसऱ्या दिवशी भाची पडली. उंचवट्यावरून खाली उतरताना घोडीनं अचानक उडी घेतली आणि ही मानेवरून मातीत. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. (“आत्या, तू फक्त बघायचं, ओरडायचं नाही,” असं तिनं आधीच बजावलं होतं.) डोक्यावर हेल्मेट, अंगात जाड संरक्षक जाकीट. प्रशिक्षकानं आधी तिला हलू दिलं नाही. मान, हातपाय तपासले, दोन प्रश्न विचारले आणि मगच उठवलं. अर्ध्या तासानं ती पुन्हा घोडीवर होती, पण त्या उंचवट्यावर नाही, सकाळच्याच लहान ओंडक्यावर. खोटं कशाला बोलायचं, हा धोक्याचा खेळ आहे. परदेशात यात नावाजलेले स्वारही दगावले आहेत. म्हणून तर आता काही अडथळ्यांना अशा खुंट्या बसवतात की घोडं जोरात धडकलं तर अडथळाच खाली बसतो. स्पर्धेत क्रॉस-कंट्रीत स्वार पडला की तो बाद. चढून पुढे जायची परवानगी नाही. हेल्मेट न घालता आपल्या मुली मोटरसायकलवर मागे एका बाजूला बसून अंभोरा-धानोऱ्याला जातात, त्यापेक्षा मला ती माती बरी वाटली.

एका बाजूला बसण्यावरून आठवलं. युरोपातसुद्धा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत घरंदाज बाईनं घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसायचं अशी रीत होती. त्यासाठी खास खोगीर असायचं. आपल्याकडे याच महाराष्ट्रात तळेगावच्या उमाबाई दाभाडे अठराव्या शतकात फौज घेऊन लढायला गेल्या होत्या. मग मधल्या काळात आपलं घोडं कुठे पेंड खायला लागलं?

पेंड खातं ते भीतीपाशी, आणि ती भीती फक्त हात मोडण्याची नसते. गावात बायकांशी बोलताना आवाज खाली करून सांगतात, मुलीनं घोड्यावर बसू नये, सायकल मारू नये, उड्या मारू नयेत, ‘काहीतरी होतं’ आणि पुढे लग्नात बोल लागतो. हे स्पष्टच लिहिलं पाहिजे. शरीराच्या त्या पडद्यावरून कुमारिका कोण हे ठरतं, याला वैद्यकशास्त्रात काडीचा आधार नाही. असली तपासणी अत्याचारपीडित मुलींवर करणं हे गैरवर्तन मानलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये बजावलं आहे. कायद्यानं टाकून दिलेली समजूत आपण चुलीपाशी का जपतोय?

दुसरी समजूत, हा पुरुषांचा खेळ. इथे मात्र मोठी मजा आहे. ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीत बायकांची स्पर्धा वेगळी नसतेच. बाई आणि पुरुष एकाच रिंगणात, एकाच पदकासाठी. कारण पाचशे किलोच्या घोड्यापुढे पुरुषाच्या दंडाच्या जोराला फारसा अर्थ उरत नाही. हा हक्कही सहज मिळालेला नाही. ड्रेसाजमध्ये बायकांना 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी पोलिओनं पाय अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेलनं रौप्यपदक घेतलं. इव्हेंटिंग बायकांना झेपणार नाही म्हणून आणखी बारा वर्षं दार बंद ठेवलं. 1964 मध्ये टोकिओत अमेरिकेची लाना ड्यु पाँ ही पहिली बाई उतरली. तेव्हा पडल्यावर पुन्हा चढता येत असे. ती क्रॉस-कंट्रीत दोनदा पडली, दोनदा चढली, चिखलानं माखून दौड पुरी केली आणि तिच्या संघाला रौप्यपदक मिळालं. त्याच टोकिओत 2021 मध्ये जर्मनीच्या युलिया क्रायेव्स्कीनं इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. असं करणारी ती पहिली बाई. मधे 57 वर्षं गेली.

आपल्या देशातही हे चित्र बदलतंय. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांनंतरचं पहिलं. चौघांच्या त्या संघात दोन मुली होत्या, इंदूरची सुदीप्ती हजेला आणि जयपूरची दिव्यकृती सिंह. चौथा हृदय छेडा आपल्या मुंबईचा. 1982 च्या दिल्लीतल्या त्या जुन्या विजयी चमूत बाई एकही नव्हती. इव्हेंटिंगमध्ये 2025 साली पुण्याच्या आशिष लिमये यांनी थायलंडला आशियाई अजिंक्यपद मिळवलं. म्हणजे घोडामैदान काही आपल्यापासून फार लांब नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, ही श्रीमंतांची थेरं. घोडं पाळायचं म्हणजे दोन म्हशींच्या वर खर्च, आणि इथे उन्हाळ्यात जनावरांना छावणी लागते. बरोबर आहे. कड्यातल्या कुणी शेत विकून घोडं घ्यावं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण घोडी आपल्याकडे नाहीत असं थोडंच आहे? मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला कितीतरी घोडी येतात. घेणारे आधी अंगावरचे भोवरे बघतात, कुठला शुभ, कुठला अशुभ, मुलीच्या पत्रिकेसारखेच! भीमथडी घोड्याची तर अलीकडेच स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली आहे. हे काटक घोडं आपले मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या बाळगून आहेत, आणि वाड्यावर त्याला पाणी पाजणाऱ्या, खरारा करणाऱ्या बायकाच असतात. लग्नाची घोडी पाळणाऱ्या घरांतही तेच. पोरगी दहा वर्षांची होईपर्यंत बिनखोगिराची पळवते, आणि न्हाण आलं की तिला खाली उतरवतात. शेण काढायला मात्र ती चालते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नाची तिथी नसलेल्या दिवशी अशा एखाद्या घोडेवाल्याला शाळेच्या मैदानावर बोलवायला किती खर्च येईल? हेल्मेट मात्र हवंच, आणि रोज अर्धा तास. उड्या नकोत. चढणं, उतरणं, लगाम धरणं आणि जनावराशी न ओरडता बोलणं, एवढं पुरे.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी वाट उघडली आहे. एनसीसीत घोडेस्वारीची वेगळी पथकं असतात. खडकवासल्याच्या एनडीएत घोडेस्वारी हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशामुळे ती परीक्षा मुलींना खुली झाली. पहिली तुकडी 2022 मध्ये दाखल झाली आणि 30 मे 2025 रोजी सतरा मुली तिथून मुलांच्या खांद्याला खांदा लावून बाहेर पडल्या. राज्य सरकारनं याच तयारीसाठी नाशिकला मुलींची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था सुरू केली आहे. 2022 पासून कड्याहून नगरला रेल्वे आहे, तिथून पुणे काय आणि नाशिक काय.

एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. बारावीला बसलेली मुलगी फॉर्म भरू शकते. भूदलासाठी कुठलीही शाखा चालते, आर्ट्ससुद्धा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. आणि एक अट आहे, उमेदवार अविवाहित हवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यात विशीतल्या तरुणींपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं होतं. त्यांच्यासाठी तो फॉर्म भरायच्या आधीच संपलेला असतो. या वर्षी कड्यात बारावीला असलेल्या किती मुलींना या परीक्षेचं नाव तरी माहीत आहे, ते बचत गटाच्या पुढच्या बैठकीत त्यांच्या आयांनाच विचारणार आहे.